छोटा हायड्रो सेट (पडत्या पाण्यावर घरापुरती वीज बनवणारा), काही महिने वापरल्यावर: सगळं झकास, पण ती जाळी!

सर्व्हिसवाल्याशी आत्ताच फोनवर वाद झालाय, डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसलो. व्होल्टेज सारखं पडतंय म्हटलं तर त्याचं एकच पालुपद, जनरेटर बदला. अहो जनरेटर ठणठणीत आहे! पाईपच्या तोंडाशी जी जाळी दिलीय ती पानांनी बुजते, पाईपला पाणी देणाऱ्या वरच्या टाकीतली पातळी खाली जाते, पाईप हवा ओढायला लागतो, मग नोझलमधून (टर्बाइनवर पाण्याची धार मारणारं बारीक तोंड) फेसाळ पाणी येतं आणि टर्बाइनचा वेग पडतो, वेग पडला की व्होल्टेज पडणारच. जाळी साफ केली की दहा मिनिटांत सगळं परत जागेवर. यात नवा जनरेटर कशाला?

बाकी सेटबद्दल तक्रार नाही. पाणी पडायची उंची 20 मीटर, सेकंदाला साधारण 10 लिटर पाणी, दोन्हींचा गुणाकार 9.81 ने (गुरुत्वाकर्षणाचा आकडा) गुणला की साधारण 1,960 वॅट, त्यातला जवळजवळ निम्मा भाग पाईपचं घर्षण, टर्बाइन आणि जनरेटर मिळून खातात, हातात 1 किलोवॅटच्या आसपास. आकडा छोटा वाटतो पण हे रात्रीसुद्धा चालतं, म्हणजे दिवसाला 24 युनिट, तेवढ्याच सोलरला 4-5 मिळाले तरी खूप.

लोड कंट्रोलर मात्र सुरुवातीला डोळ्यात खुपायचा. आपण न वापरलेली वीज तो हीटरमध्ये जाळतो, जीव तुटायचा नुसता. पण पाणी तर एकसारखं येतच राहतं, घरातला लोड अचानक गेला तर टर्बाइन सुसाट सुटेल, 50 हर्ट्झ कुठल्या कुठे जाईल, म्हणून एकूण लोड सारखा ठेवावाच लागतो. आता तो हीटर घरातल्या पाण्याच्या टाकीत बसवलाय, गरम पाणी फुकट, फार खूश आहे. फक्त टाकी कोरडी पडू द्यायची नाही.

पण जाळी! भोकं नोझलपेक्षा बारीक हवीत हे मान्य, नाहीतर खडा अडकतो, पण मग जाळी मोठी द्या ना, म्हणजे पाणी सावकाश शिरेल आणि पानं चिकटणार नाहीत, आणि तिरकी द्या, म्हणजे दाताळ्याने ओढता येतील. यांनी छोटीशी, सरळ उभी ठोकलीय. कोआंडा जाळीत तर पाणी खाली गळतं अन् पानं वरून आपोआप घसरून जातात, आता तीच लावणार, स्वतःच्या खर्चाने.

घेणार असाल तर जरूर घ्या, फक्त पैसे द्यायच्या आधी जाळीचं ड्रॉइंग मागा. आणि हो, मुख्य व्हॉल्व्ह कधीच झटक्यात बंद करू नका, पाण्याच्या धक्क्याने पाईप फुटू शकतो, हे मॅन्युअलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही.