मिनरल की केमिकल सनस्क्रीन: रोज चेहऱ्याला लावणाऱ्याचं मत

सनस्क्रीन रोज लावायचं हे ज्यांचं ठरलंय, पण कुठलं घ्यायचं यावर घोडं अडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एसपीएफची ओळख तुम्हाला असणारच: यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांपासून किती संरक्षण मिळतं, त्याचा तो आकडा. 30 एसपीएफ साधारण 97 टक्के यूव्हीबी अडवतं, 50 एसपीएफ साधारण 98 टक्के, त्यामुळे या दोन आकड्यांमध्ये डोकेफोड करण्यात फारसं हशील नाही. खरी निवड आहे ती मिनरल (झिंक किंवा टायटॅनियमच्या बारीक खनिज भुकटीचं) आणि केमिकल (सेंद्रिय रसायनांचं) यांमधली. मी आधी बराच काळ केमिकल वापरलं आणि आता मिनरल वापरतो. दोन्हींबद्दल जे अनुभवलं ते सांगतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. मिनरल सनस्क्रीन ऊन परतवून लावतं आणि केमिकल ते शोषून घेतं, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हेही अतिनील किरण मुख्यतः शोषूनच घेतात, परावर्तनाचा वाटा अगदी थोडा असतो. त्यामुळे काम करण्याच्या पद्धतीवरून एकाला भोळं-भाबडं आणि दुसऱ्याला घातक ठरवणं बरोबर नाही. फरक जाणवतो तो चेहऱ्यावर, आणि तो चांगलाच जाणवतो.

लावायला केमिकल निर्विवाद उजवं आहे, हे मान्य करायलाच हवं. पातळ असतं, बोटाखाली सहज पसरतं, मिनिटाभरात दिसेनासं होतं. वरून काहीही लावा, गोळे होत नाहीत. मिनरल जरा हट्टी असतं. झिंकचं प्रमाण भरपूर असेल तर ते ओढून ओढून पसरावं लागतं, आणि सावळ्या वर्णावर राखाडी-पांढरट झाक राहते. दाढी ठेवत असाल तर आणखी एक त्रास: पांढरी मलई केसांच्या मुळाशी अडकते आणि आरशात जवळून पाहिलं की कोंडा पडल्यासारखी दिसते. कल्ल्यांपाशी, केसांच्या रेषेवरही तेच. कोरड्या त्वचेला मिनरल काही वेळा आणखी कोरडं वाटतं. एवढ्यावरच निर्णय घ्यायचा असता, तर मी अजून केमिकलच वापरत असतो.

पण माझं सगळं गणित डोळ्यांपाशी बदललं.

केमिकल सनस्क्रीनमधले बरेचसे फिल्टर, म्हणजे अतिनील किरण अडवणारे घटक, उदाहरणार्थ अ‍ॅव्होबेंझोन किंवा ऑक्टोक्रिलीन, तेलात विरघळलेले असतात. दुपार झाली, कपाळाला घाम आला, की घामाबरोबर आणि त्वचेच्या तेलाबरोबर ते खाली सरकतात. भुवई बराच घाम थोपवून धरते, पण तिच्या बाहेरच्या टोकापाशी वाट मोकळी असते आणि तिथून थेंब डोळ्याच्या कोपऱ्यात उतरतो. आधी नुसती चुरचुर होते. मग डोळ्याला धार लागते, एक डोळा मिटूनच घ्यावा लागतो. नकळत हाताच्या पाठीने डोळा चोळला जातो, आणि हाताच्या पाठीलाही तेच सनस्क्रीन लावलेलं असतं. मग तर विचारायलाच नको.

ज्याला दुपारी वाचायची सवय आहे, त्याला हे फार खुपतं. माझा वाचनाचा वेळ तोच. ओळी पुसट व्हायच्या, पानात बोट घालून पुस्तक मिटायचं, उठून तोंड धुवायचं. तोंड धुतलं की सनस्क्रीनही गेलं. परत लावायला हवं, परत थोड्या वेळाने तेच. काही दिवसांनी मी डोळ्यांभोवतीची जागा सोडूनच लावायला लागलो. पापण्या, डोळ्यांखालचा भाग, नाकाच्या दोन्ही बाजू, सगळं कोरडं. चेहऱ्यावरची सगळ्यात पातळ त्वचा नेमकी हीच, सुरकुत्या आणि डाग सगळ्यात आधी दिसतात ते इथेच.

ही जागा सुटणं तशी सार्वत्रिक गोष्ट आहे. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 साली लोकांना चेहऱ्याला सनस्क्रीन लावायला सांगितलं आणि नंतर यूव्ही कॅमेऱ्याने चेहरे टिपले. सरासरी जवळजवळ एक दशांश चेहरा सुटलेला निघाला, आणि सुटलेला भाग प्रामुख्याने पापण्या आणि डोळ्यांचा आतला कोपरा हा होता. डोळे झोंबण्याच्या धास्तीने हात तिकडे जातच नसेल, तर बाकीच्या चेहऱ्यावर कितीही भारी फिल्टर असला तरी ती उणीव राहतेच.

झिंकवाल्या मिनरलवर आल्यापासून माझी ही कटकट संपली. घाम येतो, कधीमधी डोळ्यात जातोही, पण ती आग होत नाही. मी आता खालच्या पापणीच्या काठापर्यंत बिनधास्त लावतो. सगळ्यांचा अनुभव असाच असेल असं मी म्हणणार नाही. काहींना मिनरलच्या मलईतले बाकीचे घटक, सुगंध वगैरे, झोंबू शकतात. उलट टिनोसॉर्बसारखे नवे फिल्टर असलेली काही केमिकल सनस्क्रीन पुष्कळ सौम्य वाटतात. तुमच्या डोळ्यांना कधीच त्रास झाला नसेल, तर माझ्या या सगळ्या युक्तिवादातली निम्मी हवा निघून जाते, हे कबूल.

दुसरा मुद्दा प्रमाणाचा. एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम या थराने होते. रोजच्या वापरात लोक साधारण त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी लावतात. इथे केमिकलची बाजू भक्कम आहे, कारण पुरेसं लावलं तरी चेहरा विचित्र दिसत नाही. मिनरल मात्र पांढरं दिसेल म्हणून हातचं राखून लावलं जातं. माझ्यासाठी यावर उतारा निघाला तो टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेल्या मिनरलचा. त्यात आयर्न ऑक्साइड असतं, त्याने पांढरेपणा झाकला जातो, आणि शिवाय एक काम होतं जे बिनरंगी सनस्क्रीन नीटसं करत नाही: दृश्य प्रकाश अडवणं. गडद वर्णाच्या त्वचेत डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही डाग गडद होतात. वांग असलेल्यांना त्वचारोगतज्ज्ञ टिंटेड सुचवतात ते याचसाठी.

खिडकीशी बसून वाचणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. साध्या काचेत यूव्हीबी बहुतांश अडतं, यूव्हीए, म्हणजे लांब लहरींचे अतिनील किरण, मात्र बरेचसे आत येतात. त्यामुळे त्वचा भाजत नाही आणि ऊन लागतंय हे कळतही नाही. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीबद्दल सांगतो, म्हणून घरात बसणाऱ्याने यूव्हीएचं संरक्षण आधी पाहावं. जिथे पीए (यूव्हीए संरक्षणाचा दर्जा) लिहिलेलं असतं तिथे अधिकची चिन्हं मोजा, चार म्हणजे सर्वांत वरचा दर्जा. मिनरलमध्ये फक्त टायटॅनियम असेल तर लांब लहरींच्या यूव्हीएला ते कमी पडतं, झिंक असलेलं बरं. केमिकलमध्ये अ‍ॅव्होबेंझोन यूव्हीएला चांगलं आहे, पण एकटं असेल तर उन्हात त्याचं विघटन होतं. त्याला सावरणारा दुसरा फिल्टर सोबत आहे का, ते घटकांच्या यादीत पाहावं.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. 2019 साली अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषध नियामक संस्थेने) मांडलेल्या प्रस्तावात झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड या दोनच फिल्टरना सुरक्षित आणि परिणामकारक म्हटलं होतं, बाकी बऱ्याच फिल्टरबद्दल आणखी माहिती मागितली होती. काही केमिकल फिल्टर रक्तात उतरतात हेही त्याच सुमारास दिसून आलं. रक्तात उतरणं म्हणजे अपाय होणं नव्हे, सनस्क्रीन लावणं थांबवू नका, असंही एफडीएनेच स्पष्ट केलं. मी या भीतीपोटी मिनरलकडे वळलेलो नाही आणि तुम्हीही केवळ त्यासाठी वळावं असं वाटत नाही.

पुस्तकं सांभाळणाऱ्यांसाठी एक बारीकशी गोष्ट. मिनरल लावलेल्या अंगठ्याचा ठसा काळ्या गुळगुळीत मुखपृष्ठावर पांढरा उमटतो, पण कोरड्या फडक्याने निघतो. तेलकट केमिकल सनस्क्रीनचं बोट पानाच्या कडेला लागलं की कागद तिथे अर्धपारदर्शक होतो, आणि तो डाग मला तरी कशानेच काढता आलेला नाही. पांढऱ्या कॉलरवर अ‍ॅव्होबेंझोनचे पिवळे-तांबूस डाग पडतात ते वेगळेच, विशेषतः धुण्याच्या पाण्यात लोह असेल तर. लावल्यावर हात धुतले की दोन्हीकडचा त्रास बराच कमी होतो.

तेव्हा, दिवसभर मैदानावर खेळत असाल, अंगभर भराभर लावायचं असेल, परत परत लावायचं असेल, तर केमिकल घ्या, सोपं पडेल. दाट दाढी असेल तरीही तेच बरं. चेहऱ्यापुरतं हवं असेल, डोळे नाजूक असतील, चष्म्याआड घाम साचत असेल किंवा वांग असेल, तर माझ्या मते टिंटेड मिनरलला एक संधी जरूर द्यावी. दोन्ही ठेवायलाही हरकत नाही: मान आणि हातांना केमिकल, चेहऱ्याला मिनरल. मी स्वतः हल्ली असंच करतो.

टिंटेड घेताना मात्र घाई करू नका. त्यात छटा मोजक्याच असतात, आणि मनगटावर जुळलेला रंग चेहऱ्यावर जुळेलच असं नाही. जबड्याच्या कडेला थोडं लावा, सुकू द्या, आणि दिवसाच्या उजेडात पाहा. सुकल्यावर काही छटा एखाद्या पायरीने गडद होतात, काही नारिंगीकडे झुकतात. आधी लहान ट्यूब घ्या, घाम येईल अशा एखाद्या दुपारी लावून बघा, आणि डोळे काय म्हणतात ते पाहूनच मोठी आणा.