होम फोल्डरची मालकी बिघडली: ७७७ की सीएचओन?

यवतमाळकडच्या गावातल्या वाचनालयात जुन्या मशिनवर झुबुंटू (हलकी लिनक्स प्रणाली) चालतं. पासवर्ड बरोबर, तरी लॉगिनची खिडकी फिरून तीच! बहुतेकदा कोणीतरी सुडो (म्हणजे रूटचे, मशिनच्या मुख्य खात्याचे, अधिकार) लावून एखादा प्रोग्राम उघडलेला असतो आणि होममधली (तुमच्या खात्याच्या फोल्डरमधली) .एक्सऑथॉरिटी ही लॉगिननंतर पडदा उघडायला लागणारी फाइल रूटच्या नावावर गेलेली असते.

पुष्कळ जण सगळ्या होमवर सीएचमॉड ७७७ मारतात, म्हणजे सगळ्यांना वाचायची, बदलायची, चालवायची परवानगी देतात. कधी कामही भागतं. पण मालक रूटच राहतो, आणि मशिनवरच्या कोणालाही तुमच्या फाइली बदलता, पुसता येतात. सातबारा दुसऱ्याच्या नावावर तसाच ठेवून धुऱ्यावरचं कुंपण काढण्यासारखं हे. शिवाय एसएसएच (दुसऱ्या मशिनवर सुरक्षित लॉगिन करायचं साधन) इतकी उघडी खासगी किल्ली वापरतच नाही.

मी सीएचओन, म्हणजे फाइलचा मालक बदलणारी आज्ञाच सांगेन. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर लॉगिन करा, मग सुडो सीएचओन, मोठ्या आरचा पर्याय (-R, आतल्या सगळ्या फाइलींसाठी), नाव:नाव (तुमचं लॉगिनचं नाव) आणि होमचा पूर्ण पत्ता (/home/नाव). मालकी परत येते, परवानग्यांना धक्का लागत नाही. पत्ता मात्र एंटरआधी पुन्हा वाचा. पहिल्या स्लॅशनंतर चुकून जागा सुटली तर अख्ख्या सिस्टिमची मालकी बदलते.

७७७ आधीच दिलं असेल तर सीएचओननंतर .एसएसएच फोल्डरला सीएचमॉडने ७०० आणि खासगी किल्लीला ६०० द्या, म्हणजे ती फक्त मालकालाच उघडता येतील.