पीजी ठेवताय? फ्रिज, गिझर, मशीनचा हिशोब: भाड्यातच, निम्मं-निम्मं, की मीटर लावून?

घरातली एक खोली द्यायची ठरली की भाडं किती, डिपॉझिट किती, मित्र आलेले चालतील का यावर तासभर बोलणं होतं आणि गिझर कोण किती वेळ लावणार हा विषय कोणीच काढत नाही, तो मग दुसऱ्या महिन्याचं बिल हातात पडल्यावर आपोआप निघतो. मी दोन्हीकडून राहून झालोय, आधी तीन वर्षं दुसऱ्यांच्या घरात पीजी म्हणून आणि आता आमच्याकडेच एक मुलगा राहतो, त्यामुळे दोघांची कुरकुर पाठ आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अख्ख्या घराला एकच पद्धत लावायला जाऊ नका, वस्तू बघून ठरवा. फ्रिजला जे चालतं ते एसीला चालत नाही, आणि वॉशिंग मशीनच्या भांडणाचा तर विजेशी फारसा संबंधच नसतो.

सगळं भाड्यातच धरायचं ही सगळ्यात बिनडोक्याची पद्धत, म्हणजे चांगल्या अर्थाने, डोकं लावावं लागत नाही. महिन्याला एक आकडा, विषय संपला. पीजीला हे आवडतं, कारण आंघोळ करताना कोणी दारावर टकटक करत नाही. घरमालकाला पहिले दोन महिने आवडतं. नंतर एक दिवस तो पीजी खोलीत नसताना एसी चालू बघतो, बोलत काहीच नाही, पण मनात मोजायला लागतो आणि पुढच्या वेळी भाडं वाढवताना ते सगळं एकदम काढतो. खोलीत एसी किंवा हीटर असेल तर ही पद्धत माझ्या मते नकोच. दीड टनाचा एसी जोरात चालू असताना तासाला साधारण दीड युनिट खातो, रात्रभर लावला तर थर्मोस्टॅट मधेमधे बंद करत असला तरी ८-१० युनिट सहज होतात. हा खर्च एका माणसाच्या सवयीवर चालतो, तो ठरावीक आकड्यात कसा बसवणार. एसी नसेल तर मात्र खुशाल भाड्यात घ्या.

निम्मं-निम्मं ऐकायला सगळ्यात न्यायाचं वाटतं आणि राहायला लागल्यावर सगळ्यात जास्त टोचतं. दोनच माणसं असतील, दोघं सकाळी बाहेर पडून रात्री येत असतील तर ठीक. पण घरात तिघं आणि पीजी एक, तर बिलाचे दोन भाग का, चार का नाहीत? मी पीजी होतो तेव्हा हेच चालायचं, मी रात्री नऊला यायचो, दिवसभर टीव्ही, इस्त्री, ओव्हन सगळं त्यांचं, आणि बिल अर्धं माझं. वर मोबाईलचा चार्जर भिंतीत तसाच राहिला म्हणून बोलणी खायची. आता याचा हिशोब बघा: मोबाईल रोज फुल चार्ज केला तरी महिन्याला जेमतेम एक युनिट होतं, आणि २००० वॅटचा गिझर अर्धा तास तापवत राहिला की एक युनिट संपलं. म्हणजे महिनाभराचं चार्जिंग एका सकाळच्या गिझरइतकं. भांडायचंच असेल तर निदान योग्य वस्तूवरून भांडा.

मीटर लावणं हा तिसरा मार्ग. पीजीच्या खोलीच्या लाइनवर सब-मीटर, म्हणजे फक्त त्या लाइनचे युनिट मोजणारा वेगळा मीटर (इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या, स्वतः उद्योग नको), किंवा युनिट दाखवणारा स्मार्ट प्लग. प्लग घेताना त्यावर किती अँपिअर लिहिलंय ते बघा, एसी-गिझरला १६ अँपिअरवाला लागतो, छोटा लावला तर वितळतो. खोलीतल्या एसी, हीटरसाठी याला तोड नाही, आकडा समोर असतो, कोणाचं तोंड वाकडं व्हायचं कारण नाही. मग दर कोणता लावायचा यावर लोक अडतात. स्लॅब असेल, म्हणजे ठरावीक युनिटच्या वर गेलं की दर वाढत असेल, तर वरच्या स्लॅबचा भार पीजीच्या डोक्यावर टाकायचा मोह होतो, ‘तू आलास म्हणून स्लॅब बदलला’. पण मग उलट तोही म्हणेल की तुमच्यामुळे बदलला. सोपा उपाय, अख्खं बिल भागिले अख्खे युनिट, जो सरासरी दर निघेल तो दोघांना, त्यात स्थिर आकारही वाटला जातो. आणि रीडिंगचा फोटो दोघांच्या फोनमध्ये पाहिजे, एकाच्याच नको.

पण मीटरला शिवता येत नाही अशा वस्तू घरात जास्त असतात. फ्रिज घ्या. तो २४ तास चालतो, साधारण घरगुती फ्रिज दिवसाला एखाद युनिटच्या आसपास घेतो, पीजीने त्यात दोन डबे ठेवले म्हणून ते दीड होत नाही. मग त्याचे पैसे काय मोजायचे, भाड्यात धरा आणि मोकळे व्हा. फ्रिजमध्ये वाटायची असते ती जागा. आमच्याकडे आधी ‘कुठेही ठेव रे’ असं होतं, परिणाम म्हणजे त्याचा डबा मागे मागे सरकत गारठवणाऱ्या कोपऱ्यात जायचा आणि आतलं गोठायचं, तो बिचारा काही बोलायचा नाही. आता मधला एक कप्पा आणि दाराचा खालचा रॅक त्याचा, कागदी टेपवर नाव लिहून चिकटवलंय, त्यात आम्ही हात घालत नाही, अगदी जागा रिकामी दिसली तरी. फ्रीझरची जागा मात्र विसरलो होतो, ती नंतर भांडून ठरली.

वॉशिंग मशीनला गार पाण्यावर वीज फार लागत नाही, गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला की खरी लागते कारण सगळी ताकद पाणी तापवण्यात जाते. त्यामुळे ‘आठवड्यात दोनदाच लावायची’ असल्या नियमापेक्षा वार ठरवा. खरा त्रास धुवून झालेले कपडे आत तसेच ठेवून बाहेर निघून जाण्याचा असतो. दुसऱ्याने ते बाहेर काढायचे का? कशात ठेवायचे? आम्ही मशीनवर एक रिकामी बादली ठेवलीय, अर्ध्या तासात नाही काढले तर दुसरा काढून त्यात टाकणार, राग मानायचा नाही. एवढ्या एका बादलीने अर्धी धुसफूस गेली.

गिझर एकच असेल तर अंघोळी पाठोपाठ उरकणं स्वस्त पडतं. १५ लिटर पाणी २५ अंशावरून ६० वर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतात, आणि तेच पाणी तासभर पडून राहिलं की थोडं थोडं निवत जातं आणि गिझर पुन्हा पुन्हा तापवतो.

चौथा मार्ग, पीजीने आपापलं सामान आणायचं. इस्त्री, किटली, हेअर ड्रायर ठीक आहे, आणूच दे. छोटा फ्रिज नको, तो आकाराने अर्धा असला तरी वीज अर्धी खात नाही. आणि खोलीत इंडक्शन असेल तर वायरिंग बघून घ्या, साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर २००० वॅटची शेगडी म्हणजे बोर्ड काळा पडणार हे ठरलेलं, शिवाय तिकडे गिझर चालू असताना इकडे एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) खाली.

राहिली मोडतोड. बिलापेक्षा हा विषय मोठा, आणि यावर कुठलीच पद्धत आपोआप उत्तर देत नाही. मी असं करतो: झिजून गेलं तर माझं, चुकीने गेलं तर ज्याची चूक त्याचं. जुन्या मशीनचं बेअरिंग गेलं, त्या दिवशी पीजीचे कपडे आत होते म्हणून त्याच्या नावावर बिल फाडायचं नाही. पण खिशात नाणं राहिलं आणि ते ड्रमच्या मागे जाऊन पंपात अडकलं, मायक्रोवेव्हमध्ये स्टीलचा डबा गेला, मिक्सर न थांबवता जळेपर्यंत फिरवला, तर त्याने भरायचं (मिक्सर बंद पडला तर आधी खालचं लाल बटण दाबून बघा, बऱ्याचदा तेवढंच झालेलं असतं). वस्तू जुनी असेल तर नव्याची किंमत मागायची नाही, दुरुस्तीची मागायची.

आमच्याकडे सध्या असं आहे, फ्रिज, दिवे, मशीन भाड्यात, त्याच्या खोलीचा एसी सब-मीटरवर, आणि मोडतोडीचं वरचं सगळं एका कागदावर, तो कागद फ्रिजच्याच दारावर लावलाय. गेल्या महिन्यात पंपातून नाणं निघालं. ते त्याचं की माझं हे अजून ठरलेलं नाही, त्यामुळे मेकॅनिकचे पैसे तूर्त दोघांनी अर्धे-अर्धे दिलेत.