बावीस वर्षांचा तारा: आत्ताच बांधून घ्यावा, थांबावं, की विकून टाकावा?

संगणकावर बेसबॉल संघाचा जनरल मॅनेजर होऊन खेळणारे असोत, की मित्रमंडळींबरोबर वर्षानुवर्षं एकच फँटसी संघ सांभाळणारे, एका प्रश्नापाशी सगळेच अडतात. हाताशी बावीस-तेवीस वर्षांचा खेळाडू आहे आणि त्याचा पहिला मोसम झकास गेला आहे. आता त्याच्याशी आठ-दहा वर्षांचा करार करून टाकायचा, की दरवर्षीचं दरवर्षी बघायचं? की भाव चढलाय तोवर विकायचा, आणि लागेल तेव्हा तयार तारा बाजारातून आणायचा? मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, या चारही वाटांनी चालणारे संघ आहेत आणि प्रत्येकाचा हिशेब आता डोळ्यांसमोर आहे.

आयपीएलच्या सवयीने इकडे येणाऱ्यांसाठी आधी नियम. इथे लिलाव नाही आणि खर्चावर पक्की मर्यादाही नाही. खेळाडू मेजर लीगमध्ये उतरला की त्याच्यावर सहा वर्षं संघाचा हक्क. पहिली तीन वर्षं तो साधारण किमान पगारावर खेळतो. २०२६ साठी हा आकडा ७ लाख ८० हजार डॉलर आहे. पुढची तीन वर्षं लवादाची: संघ एक आकडा सांगतो, खेळाडू दुसरा सांगतो, आणि तडजोड झाली नाही तर लवाद दोनपैकी एकच उचलतो. मधला आकडा काढायची त्याला मुभा नाही. सहा वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करायला मोकळा.

यातलं ‘वर्ष’ म्हणजे मोसमातले १७२ दिवस. २०१५ साली शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला मोसम सुरू झाल्यावर थोडे दिवस खालच्या स्तरावरच्या मायनर लीगमध्येच ठेवलं. वर्षाअखेर त्याचे १७१ दिवस भरले आणि संघाला तो एक वर्ष जास्त मिळाला. त्याने दाद मागितली, २०२० मध्ये हरला. नियम पाळून केलेली चलाखी, दुसरं काय!

चारही वाटा वरवर पैशाच्या वाटतात, पण त्यांत खरी वाटणी होते ती जोखमीची. खेळाडू जायबंदी झाला, फॉर्म गेला, तर भुर्दंड कोणाला? आणि तो अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, तर मलई कोणाची? प्रत्येक कराराला हे दोन प्रश्न विचारले की निम्मं काम होतं.

लवकर बांधून घेणं: अटलांटाची वाट

ही पद्धत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचा जनरल मॅनेजर जॉन हार्ट याने रूढ केली. तिचं टोक गाठलं ते अटलांटा ब्रेव्ह्जच्या अ‍ॅलेक्स अँथोपोलसने. एप्रिल २०१९ मध्ये त्याने २१ वर्षांच्या रोनाल्ड अकुन्या ज्युनियरशी ८ वर्षांचा, १० कोटी डॉलरचा करार केला आणि पुढची दोन वर्षं प्रत्येकी १ कोटी ७० लाखांत संघाच्या मर्जीवर ठेवली. काही दिवसांतच ओझी आल्बीजला ७ वर्षांसाठी साडेतीन कोटी, वर तशीच संघाच्या मर्जीवरची दोन ऑप्शन वर्षं, प्रत्येकी ७० लाखांची. २०२२ मध्ये ऑस्टिन रायली १० वर्षांसाठी २१ कोटी २० लाखांत, मायकेल हॅरिस ८ वर्षांसाठी ७ कोटी २० लाखांत, पिचर (चेंडू टाकणारा) स्पेन्सर स्ट्रायडर ६ वर्षांसाठी साडेसात कोटींत. हॅरिस तर मेजर लीगमध्ये येऊन तीनच महिने झाले होते.

इतक्या स्वस्तात खेळाडू सही का करतात? अकुन्या व्हेनेझुएलाचा, पहिल्यांदा करारबद्ध झाला तेव्हा हातात १ लाख डॉलर आले होते. आल्बीज क्युरासाओचा, त्याला साडेतीन लाख. अशा मुलासमोर सात पिढ्यांचा प्रश्न सोडवणारी रक्कम ठेवली, तर ‘थांब, सहा वर्षांनी तिप्पट मिळतील’ हा सल्ला एजंटच देऊ जाणे. तरी आल्बीजचा करार मला आजही खुपतो. जोखीम विकत घेण्याचाही एक रास्त भाव असतो, आणि तो त्याला मिळाला नाही.

संघाच्या बाजूने मात्र सौदा सोन्याचा. २०२३ मध्ये अकुन्याने ४१ होम रन मारले, ७३ बेस चोरले, एकमताने एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) झाला आणि पगार घेतला १ कोटी ७० लाख. त्या वर्षी ब्रेव्ह्जनी १०४ सामने जिंकले.

या वाटेचा मोठा गुण तारा स्वस्तात मिळतो हा नाहीच. डाव फसला तरी तो छोट्या रकमेत फसतो, हा आहे. ह्यूस्टनने जॉन सिंगलटनला पहिल्या सामन्याआधीच ५ वर्षांसाठी १ कोटी दिले, तो चालला नाही. फिलाडेल्फियाने स्कॉट किंगरीला ६ वर्षांसाठी २ कोटी ४० लाख दिले, तोही नाही. दोन्ही रकमा पचण्याजोग्या होत्या. अपवाद टॅम्पा बेच्या वँडर फ्रँकोचा: ११ वर्षं, १८ कोटी २० लाख. ऑगस्ट २०२३ नंतर तो मैदानात उतरलेला नाही. अल्पवयीन मुलीच्या लैंगिक शोषणाच्या खटल्यात जून २०२५ मध्ये डॉमिनिकन न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं होतं; डिसेंबर २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितलं. हा धोका कुठल्याच आकडेमोडीत बसत नाही.

आता या वाटेची दुसरी बाजू, जी तिचे भक्त सांगत नाहीत. एकदा आठ-नऊ जागा दशकभरासाठी भरल्या की संघ हलवायला वाव राहत नाही. २०२४ मध्ये स्ट्रायडरच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, अकुन्याचा गुडघा गेला (हा दुसरा, पहिला २०२१ मध्ये गेला होता), रायलीचा हात मोडला. २०२५ मध्ये ब्रेव्ह्ज ७६ सामने जिंकून ८६ हरले आणि २०१७ नंतर पहिल्यांदा प्लेऑफला मुकले. गाभा तोच होता. सव्वीस जणांच्या चमूतले पहिले आठ पक्के करण्याच्या नादात उरलेल्या अठरांकडे दुर्लक्ष झालं, असं माझं मत. १६२ सामन्यांच्या मोसमात ते अठरा फार महाग पडतात.

आणखी एक बारकावा. लक्झरी टॅक्ससाठी (संघाचा एकूण पगार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की भरावा लागणारा कर) त्या वर्षी दिलेला पगार मोजत नाहीत, कराराची वार्षिक सरासरी मोजतात. अकुन्याला २०१९ मध्ये प्रत्यक्ष मिळाले १० लाख, पण टॅक्सच्या वहीत त्याच्या नावावर सव्वा कोटी चढले. म्हणजे लवकर करार केलात की कागदावरचा खर्च आजच वाढतो, फायदा पाच वर्षांनी दिसतो. तुमचा संघ टॅक्सच्या उंबरठ्यावर असेल तर हे आधी बघा.

वर्षागणिक बघणं

इथे जोखीम खेळाडूच्या डोक्यावर. तो बिघडला तर तुम्ही सुटलात. तो बहरला तर किंमत त्याची.

बहरल्याचं उदाहरण आरन जज. एप्रिल २०२२ मध्ये यांकीजनी त्याला ७ वर्षांसाठी २१ कोटी ३५ लाख देऊ केले आणि त्याने नाकारल्यावर त्यांचा जनरल मॅनेजर ब्रायन कॅशमन याने तो आकडा जाहीरही करून टाकला. जजने त्या मोसमात ६२ होम रन मारले. डिसेंबरमध्ये त्याच यांकीजनी त्याला ९ वर्षांसाठी ३६ कोटी दिले. आठ महिने थांबण्याची ही किंमत. मात्र जज २०२४ आणि २०२५ मध्येही एमव्हीपी झाला, त्यामुळे यांकीज आज रडत बसलेले नाहीत. ज्याची तिजोरी भरलेली आहे त्याला थांबणं परवडतं, हे जजच्या प्रकरणात स्पष्ट दिसतं.

बिघडल्याचं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं: पिचर कॉर्बिन बर्न्स. मिलवॉकी ब्रूअर्सनी त्याच्याशी लांबचा करार केला नाही. २०२३ मध्ये दोघे लवादापुढे उभे राहिले ते साडेसात लाख डॉलरपेक्षाही कमी फरकासाठी. संघ जिंकला. सुनावणीत आपल्याबद्दल जे ऐकावं लागलं त्याने संबंध दुखावले, असं बर्न्सने उघड बोलून दाखवलं. कोट्यवधींच्या माणसाला एवढ्याशा रकमेसाठी नाराज करणं कोत्या मनाचं. तरी पुढचं बघा: वर्षभराने ब्रूअर्सनी त्याला बाल्टिमोरला देऊन त्याच्या बदल्यात तरुण खेळाडू घेतले. मग अ‍ॅरिझोनाने त्याला ६ वर्षांसाठी २१ कोटी दिले आणि २०२५ च्या पहिल्याच मोसमात कोपर गेलं, टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. मिलवॉकीने त्याची उत्तम वर्षं वापरली, कोपराचं बिल दुसऱ्याने भरलं.

पिचरशी लांबचा करार नको, हे माझं मत इथेच पक्कं होतं. स्ट्रायडर परतला, पण त्याच्या चेंडूचा पूर्वीचा वेग परतला नाही.

बाजारातून आणणं

बाजारात तुम्ही बहुतेक वेळा गेलेल्या वर्षांचे पैसे देता. २०१९ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, वॉशिंग्टन नॅशनल्सनी जिंकली आणि त्या संघातले दोन तारे त्याच डिसेंबरात सारख्याच करारावर गेले: ७ वर्षं, २४ कोटी ५० लाख. स्टीव्हन स्ट्रासबर्ग वॉशिंग्टनलाच राहिला आणि त्यानंतर फक्त ८ सामन्यांत चेंडू टाकू शकला. अँथनी रेंडन एंजल्सकडे गेला आणि एकाही मोसमात ६० सामने खेळला नाही. बेसबॉलचे करार पूर्ण हमीचे असतात. खेळाडू घरी बसला तरी पैसे द्यावेच लागतात.

पण फ्री एजंट सगळे सारखे नसतात, वय बघायचं. ब्राइस हार्पर २६ व्या वर्षी फिलाडेल्फियाकडे आला, १३ वर्षांसाठी ३३ कोटींत, आणि २०२१ मध्ये तिथे एमव्हीपी झाला. हुआन सोटोलाही मेट्सनी २६ व्या वर्षीच १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख दिले. इतक्या लहान वयात सहा वर्षं भरणारे खेळाडू फार थोडे. तेवढ्यांसाठीच एवढी मोठी रक्कम समजू शकते.

डॉजर्सचं प्रकरण निराळं. शोहेइ ओहतानीचा करार १० वर्षांचा, ७० कोटींचा; त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात द्यायचे. खेळत असताना तो वर्षाला २० लाख घेतो आणि टॅक्सच्या वहीत त्याची नोंद सुमारे ४ कोटी ६० लाखांची. डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ ची वर्ल्ड सिरीज जिंकली. २०२४ साठी त्यांनी नुसता लक्झरी टॅक्स भरला तो १० कोटी ३० लाखांचा, त्या वर्षीच्या ओकलंडच्या सगळ्या खेळाडूंच्या पगारापेक्षा जास्त. सर्वांत वरच्या टप्प्यात वारंवार जाणाऱ्याला प्रत्येक जादा डॉलरमागे १ डॉलर १० सेंट टॅक्स बसतो. हे अनुकरणीय नाही. दूरचित्रवाणीचे तसे पैसे आणि जपानमधून येणारे तसे प्रायोजक असल्याशिवाय याच्या नादी लागू नये.

भाव आहे तोवर विकणं

ही टॅम्पा बेची वाट. २००३ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याची पद्धत) त्यांनी पहिल्या क्रमांकावर डेलमन यंगला घेतलं. त्याला देऊन मॅट गार्झा आला, गार्झाला देऊन ख्रिस आर्चर, आर्चरला देऊन टायलर ग्लासनाओ आणि आणखी दोघं, ग्लासनाओला देऊन रायन पेपियो. वीस वर्षं एकच गुंतवणूक फिरते आहे. आर्चरला एवढा भाव मिळाला कारण २०१४ मध्येच त्याच्याशी ६ वर्षांसाठी २ कोटी ५५ लाखांचा करार झाला होता. घेणाऱ्याला पिचर तर मिळालाच, स्वस्त करारही मिळाला. म्हणजे लवकर बांधून घेणं आणि विकणं या परस्परविरोधी वाटा नाहीत.

तोटा? टॅम्पा बे २००८ आणि २०२० मध्ये वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला, दोन्हीदा हरला. आणि चाहत्याने नावाची जर्सी घ्यावी तर तो खेळाडू टिकेल याची खात्री नाही. नॅशनल्सनी सोटोला विकलं (४४ कोटींचा करार त्याने नाकारला होता), बदल्यात सी.जे. अब्रॅम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वूड मिळाले. एवढी चांगली परतफेड मिळूनही संघ २०२४ आणि २०२५ मध्ये तळाकडेच राहिला. विकल्याने सुटे भाग मिळतात, संघ त्यानंतर बांधावा लागतो.

मग तुम्ही काय करावं?

तुमचा बावीस वर्षांचा खेळाडू शॉर्टस्टॉप, सेंटर फील्डर किंवा कॅचर, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या अवघड जागी खेळणारा, असेल आणि बॅटही चालत असेल, तर आजच करार करा. कॅन्सस सिटीसारख्या लहान बाजारपेठेच्या संघाने बॉबी विट ज्युनियरला ११ वर्षांसाठी २८ कोटींहून अधिक दिले, ते याच हिशेबाने. बाजारात गेला असता तर तो त्यांना पुन्हा मिळाला नसता. फर्स्ट बेसवरचा किंवा नुसता बॅटने खेळणारा असेल तर थांबा, तसे बाजारात मिळतात. पिचर असेल तर वर्षागणिक खेळवा आणि चौथ्या-पाचव्या वर्षी, हात शाबूत असताना, विका. बाजारात जा ते संघ ९० विजयांच्या आसपास पोहोचल्यावर, एखादी जागा भरायला. ७० विजयांच्या संघाला रेंडन आणून ८० पर्यंत नेण्यात हशील नाही.

एक तारीख लक्षात ठेवा: संघमालक आणि खेळाडूंच्या संघटनेतला सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. त्यानंतर लवाद, टॅक्स, सहा वर्षांची अट, यातलं काय बदलेल त्यावर वरची सगळी गणितं अवलंबून आहेत. नियम बदलले तरी आधी झालेली सही मोडत नाही, म्हणून हमीचा करार करायचा असेल तर तो त्याआधी केलेला बरा.

आणि घासाघीस करताना रकमेपेक्षा शेवटच्या वर्षांवर नजर ठेवा. हमीच्या रकमेत थोडी भर घालावी लागली तरी घाला, पण शेवटची दोन ऑप्शन वर्षं आपल्या हातात घ्या. अकुन्याची २०२७ आणि २०२८ ही वर्षं ब्रेव्ह्जकडे आहेत ती अशी. खेळाडूने ऑप्ट-आउट (करार मधेच सोडण्याची मुभा) मागितला तर मात्र सावध राहा: तो बहरला तर निघून जाईल, बिघडला तर तुमच्याकडेच राहील. द्यावाच लागला तर सोटोच्या करारासारखं कलम घाला. २०२९ नंतर त्याला निघण्याची मुभा आहे, पण उरलेल्या प्रत्येक वर्षी ४० लाख वाढवून दिले तर मेट्स ती मुभा रद्द करू शकतात.