विभागांच्या टेबलावर पोहोचलेले रिपोर्ट : मेटाबेस वापरून झालेले एक वर्ष

नाशिकमधील एका विद्यापीठाच्या संगणक विभागात मी काम करते आणि गेल्या वर्षभरापासून आमच्याकडे ‘मेटाबेस’ ही डेटाबेसमधील रिपोर्ट पाहण्याची प्रणाली वापरात आहे. त्यापूर्वी एखाद्या विभागाला साधी संख्या हवी असली, उदाहरणार्थ कळवण तालुक्यातून यंदा किती मुलींनी प्रवेश घेतला, तरी आधी टिपण तयार व्हायचे, त्यावर कक्षाधिकाऱ्यांची सही व्हायची, ते आवक-जावकमधून आमच्याकडे यायचे आणि क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढण्याची आज्ञा) लिहिणारे आम्ही दोघेच असल्यामुळे चार-चार दिवस पडून राहायचे. आकडे मिळाल्यावर ‘यातले फी भरलेले वेगळे दाखवा’ असे कोणाला वाटले की पुन्हा नवे टिपण. माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते, एआयएसएचई या उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात अभ्यासक्रम, लिंग आणि सामाजिक प्रवर्ग यांनुसार संख्या भरायच्या असतात, आणि या मुदती एकाच सुमारास आल्या की विभागांची आणि आमचीही ओढाताण व्हायची.

मेटाबेस २०१५ पासून उपलब्ध आहे आणि त्याची मुक्तस्रोत आवृत्ती परवाना शुल्क न भरता स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर यांपैकी कोणत्याही डेटाबेसशी ते जोडता येते आणि कर्मचाऱ्याला त्याच्या संगणकावर ब्राउझरखेरीज काही लागत नाही. डेटाबेसमधला तक्ता निवडायचा, अट घालायची, काय मोजायचे आणि कशानुसार मोजायचे ते सांगायचे, एवढ्यावर उत्तर समोर येते. ते तक्त्यात पाहावे की आलेखात, हे नंतर ठरवता येते. मला सर्वांत मोलाची वाटलेली सोय मात्र वेगळीच आहे. आलेखातल्या एखाद्या स्तंभावर क्लिक केले की ती संख्या ज्या नोंदींपासून बनली त्या नोंदी उघडतात. संख्येवर सही करणाऱ्या माणसाला ती संख्या स्वतः तपासता येणे, ही सरकारी कामात फार मोठी गोष्ट आहे.

पात्रता विभागातल्या एका वरिष्ठ लिपिक ताईंना मी पहिल्यांदा हे शिकवायला बसले, तेव्हा त्यांनी माउसवरचा हात मागे घेतला आणि विचारले, “मॅडम, माझ्याकडून चुकीचं काही दाबलं गेलं तर नोंदी पुसल्या जाणार नाहीत ना?” हा प्रश्न मला अगदी रास्त वाटला, कारण वीस-वीस वर्षे नोकरी केलेल्या माणसांना आपण संगणकाविषयी धाकच घातलेला असतो. मेटाबेसला आम्ही डेटाबेसचा जो वापरकर्ता दिला आहे, त्याला फक्त वाचण्याचा हक्क आहे; तेथून काहीही बदलता किंवा पुसता येत नाही. हे समजावून सांगितल्यावर ताईंनी पेठ, सुरगाणा आणि कळवण या तालुक्यांची अट घालून अभ्यासक्रमानुसार मुलींची संख्या काढली. त्याला दहा मिनिटे लागली असतील. आज त्या स्वतःच शेजारच्या टेबलांवरच्या लोकांना शिकवतात, आणि मी शिकवते त्यापेक्षा अधिक चांगले शिकवतात.

प्रणाली बसवण्याचे काम दोन दिवसांत झाले. खरा वेळ गेला तो आमची माहिती आवरण्यात. पहिल्याच तालुकानिहाय आलेखात त्र्यंबकेश्वर, त्र्यंबक, त्रिंबक आणि त्रिंबकेश्वर असे चार स्तंभ शेजारीशेजारी उभे होते, आणि नाशिक व नासिक हे दोन वेगळे तालुके दिसत होते. वर्षानुवर्षे प्रवेश अर्जात ज्याने जसे लिहिले तसेच साठवले गेले होते आणि क्वेरी लिहिताना आम्ही ते गुपचूप जुळवून घेत होतो. आता ते सर्वांना दिसू लागले म्हणून तालुक्यांची यादी पक्की झाली. विद्यार्थ्याच्या सोळा अंकी पीआरएनचेही, म्हणजे कायम नोंदणी क्रमांकाचेही, असेच. तो क्रमांक संख्या म्हणून साठवलेला असेल तर मेटाबेस त्यात स्वल्पविराम घालून दाखवते, आणि एक्सेलमध्ये गेल्यावर सोळावा अंक शून्य होतो, कारण एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच नेमकेपणा राखते. त्यामुळे पीआरएन मजकूर म्हणूनच द्यावा. देवनागरी नावे असलेली सीएसव्ही (साध्या मजकुराची) फाइल एक्सेलमध्ये थेट उघडल्यास अक्षरे विस्कटू शकतात, म्हणून आम्ही सर्वांना एक्सेलच्या एक्सएलएसएक्स स्वरूपातच डाउनलोड करायला सांगितले आहे.

यापेक्षाही अवघड प्रश्न शब्दांचा होता. ‘प्रवेशित विद्यार्थी’ म्हणजे कोण? प्रवेश विभागासाठी अर्ज मंजूर झालेला, वित्त विभागासाठी फी जमा झालेला आणि पात्रता विभागासाठी कागदपत्रे तपासून पात्र ठरलेला. तिन्ही विभागांनी आपापल्या परीने बरोबर रिपोर्ट काढले आणि एकाच बैठकीत तीन निरनिराळ्या संख्या मांडल्या गेल्या. दोष प्रणालीचा नव्हता. पूर्वी हा फरक आमच्या क्वेरीत दडलेला असे, तो आता उघड झाला इतकेच. त्यानंतर तिन्ही कक्षाधिकाऱ्यांसोबत बसून आम्ही तीन स्वतंत्र व्याख्या लिहून काढल्या, प्रत्येकीसाठी डेटाबेसमध्ये एक व्ह्यू (मूळ तक्त्यांतील निवडक माहिती दाखवणारा तयार तक्ता) बनवला आणि त्यांना ‘अर्ज मंजूर’, ‘फी जमा’ आणि ‘पात्र’ अशी साध्या मराठीतली नावे दिली. जो कोणी ही प्रणाली घेईल त्याने रंगीत आलेखांच्या आधी हे काम करावे, असे मी कळकळीने सांगेन. तक्त्यांतल्या स्तंभांची तांत्रिक इंग्रजी नावे तशीच ठेवून ती कर्मचाऱ्यांच्या हाती दिली, तर माहिती सुलभ केल्याचे समाधान केवळ कागदावर राहते.

हक्कांच्या बाबतीत मोफत आवृत्तीची मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. एकाच तक्त्यातल्या काही ओळी एका अभ्यासकेंद्राला आणि बाकीच्या दुसऱ्याला दाखवायच्या असतील, तर ती सोय सशुल्क आवृत्तीत आहे. आम्ही त्यावर विभागनिहाय व्ह्यू हा मार्ग काढला आणि त्यांतून मोबाइल, आधार व बँक खात्याचे स्तंभ मुळातच वगळले. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे; कायदा नसता तरीही संख्या मोजण्यासाठी कोणाचा आधार क्रमांक दिसण्याचे कारण नाही.

मूळ डेटाबेसवर भार पडू नये म्हणून आमचे रिपोर्ट रात्री दोन वाजता घेतलेल्या प्रतीवर चालतात. त्यामुळे सकाळी खिडकीवर भरलेली फी दुपारच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही, आणि सुरुवातीला यावरून बरेच फोन आले. आता प्रत्येक डॅशबोर्डच्या (अनेक रिपोर्ट एकत्र दाखवणाऱ्या पानाच्या) माथ्यावर ‘ही माहिती काल रात्री २ वाजेपर्यंतची आहे’ अशी ओळ आहे. ठरलेल्या वेळी रिपोर्ट ई-मेलने पाठवण्याची सोय मोफत आवृत्तीतही आहे, आणि प्रलंबित पात्रता प्रकरणांची यादी दर सोमवारी सकाळी संबंधितांकडे आपोआप जाते. मोठ्या संख्यांमध्ये लाख-कोटीप्रमाणे स्वल्पविराम देता येत नाहीत, याची मात्र वित्त विभागाला अजूनही अडचण वाटते. रकमा ते डाउनलोड करून पुन्हा मांडून घेतात.

एकाच कार्यालयात सगळे काम चालणाऱ्या छोट्या महाविद्यालयाला एवढ्या खटाटोपाची गरज नाही. जेथे चार-पाच विभाग एकाच डेटाबेसवर अवलंबून आहेत आणि एसक्यूएल ही क्वेरी लिहिण्याची भाषा चांगली येणारी एक तरी व्यक्ती कायम नेमणुकीवर आहे, तेथे मात्र ही प्रणाली मी निःशंकपणे सुचवेन. बसवणाऱ्याने एक तांत्रिक खबरदारी घ्यावी : मेटाबेस स्वतःच्या नोंदी सुरुवातीला एच२ नावाच्या अंतर्गत फाइलमध्ये ठेवते, त्या प्रत्यक्ष वापर सुरू होण्यापूर्वी पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएलवर हलवाव्यात आणि त्यांचा रोज बॅकअप घ्यावा, कारण विभागांनी तयार केलेले सगळे रिपोर्ट तेथेच साठतात.

परीक्षा विभागाचे गुणांचे तक्ते आम्ही अद्याप उघडलेले नाहीत. जाहीर न झालेला निकाल कोणाच्याही नजरेस पडता कामा नये, म्हणून केवळ जाहीर झालेल्या निकालांचा आणि राखून ठेवलेल्या निकालांच्या संख्येचा वेगळा व्ह्यू तयार करणे सुरू आहे, आणि मागील दोन सत्रांच्या छापील निकालांशी तो परीक्षा विभागाने ताडून पाहिल्यावरच तेथील लिपिकांना खाती दिली जातील.