पाचिरिसू डबल्सच्या टीममध्ये घ्यावा का? महिनाभर वापरून सांगतोय

इंदूरला रामबागेत आत्याकडे रविवारी आम्ही चार-पाच जण स्विचवर पोकेमॉन स्कार्लेट खेळायला बसतो, आणि गेला महिनाभर माझ्या टीममध्ये पाचिरिसू (खारीसारखा इलेक्ट्रिक टाइपचा पोकेमॉन) आहे. पहिल्या दिवशी आत्येभाऊ म्हणाला, "दादा, ही खार कशाला आणलीस, एका फटक्यात जाईल." आकडे बघितले तर त्याचं बरोबरच होतं. बेस स्टॅटची (म्हणजे मूळ ताकदीच्या आकड्यांची) बेरीज ४०५, अटॅक ४५, स्पेशल अटॅक पण ४५, आणि समोर सहाशेच्या आसपासचे धिप्पाड गडी. सिंगल्ससाठी (एकास एक मॅच) मी स्पष्ट सांगतो, घेऊ नका.

डबल्समध्ये (दोघांचे दोन-दोन पोकेमॉन एकदम मैदानात) मात्र मारायचं काम याचं नाहीच. फॉलो मी ही चाल केली की समोरच्यांचे एकावर मारायचे सगळे हल्ले हा स्वतःवर ओढून घेतो, आणि एबिलिटी (अंगचा गुण) व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब असेल तर इलेक्ट्रिक हल्ल्याने मार बसायच्या जागी एचपी (जीव) भरतो, आता याच्या शेजारी गॅराडोस उभा करा, ज्याला इलेक्ट्रिक चौपट लागतं, म्हणजे बघा. २०१४ ला वॉशिंग्टनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये कोरियाच्या से जून पार्कने हीच जोडी टीममध्ये ठेवली होती आणि जिंकला.

मी एचपी आणि डिफेन्सला २५२-२५२ ईव्ही (स्टॅट वाढवायचे पॉइंट) दिले, नेचर (स्वभाव) डिफेन्स वाढवणारा इम्पिश, लेव्हल ५० ला एचपी १६७ आणि डिफेन्स १३४ येतो. आत्येभावाच्या आर्कानाइनने फ्लेअर ब्लिट्झ मारला, गॅराडोसच्या इंटिमिडेटमुळे (समोरच्यांचा अटॅक कमी करणारी एबिलिटी) पाचिरिसू आरामात टिकला, मग त्याच्या रेजिंग बोल्टचा थंडरबोल्ट गॅराडोसकडे निघालेला तो वळून पाचिरिसूवरच आला आणि ४१ एचपी परत भरले, तेवढ्यात गॅराडोसचा ड्रॅगन डान्स (स्वतःचा अटॅक आणि स्पीड वाढवणारी चाल) झालापण! तो टर्न बघून मला खरंच फार आनंद झाला. सुपर फँग पण नक्की ठेवा, समोरच्याचा आहे तेवढा एचपी अर्धा होतो, मग आपला अटॅक ४५ असला तरी काय फरक पडतो. नझलची पॉवर फक्त २०, पण लागला की पॅरालिसिस ठरलेला (ग्राउंड आणि इलेक्ट्रिकवाले सोडून).

आता त्रास कुठे होतो ते. अर्थक्वेक, हीट वेव्ह असले दोघांना लागणारे हल्ले फॉलो मीने अडत नाहीत, आणि ग्राउंड तर याला दुप्पट लागतं. त्याहून वाईट म्हणजे व्हिम्सिकॉट हा पोकेमॉन. त्याने टॉन्ट मारला की पुढे फॉलो मी करताच येत नाही, एन्कोर मारला तर तेच करत बसावं लागतं, गेल्या दोन मॅच मी अशाच हरलो.

टीममध्ये गॅराडोससारखा इलेक्ट्रिकला घाबरणारा कोणी नसेल तर सरळ अमूंगस हा पोकेमॉन घ्या, तो झोपवतो पण आणि जास्त टिकतो पण. फक्त त्याची रेज पावडर (फॉलो मीसारखीच चाल) ग्रास टाइपवाल्यांना ओढत नाही, फॉलो मी ओढतं, म्हणून समोर ग्रासवाला रिलाबूम असला की मला अजून पाचिरिसूच बरा वाटतो. सध्या त्याच्याकडची सिट्रस बेरी (एचपी भरणारी वस्तू) काढून मेंटल हर्ब दिलंय, टॉन्ट किंवा एन्कोर एकदा तरी झटकला जातो, पण बेरी नसल्याचं कालच्या मॅचमध्ये चांगलंच जाणवलं.