आजीला घेऊन डिस्ने : कॅलिफोर्नियातलं जुनं की फ्लोरिडातलं मोठं?

मुलं अमेरिकेत असलेल्या बडोद्याच्या मराठी घरांत आईवडिलांचा व्हिसा हाती आला की थोड्याच दिवसांत हा प्रश्न निघतो. तीन पिढ्या एकत्र जमणार असतात, चार दिवस सगळ्यांनी मिळून डिस्नेला जायचं ठरतं, आणि मग न्यू जर्सीतला मुलगा म्हणतो फ्लोरिडा, कॅलिफोर्नियातली मुलगी म्हणते तिथलं अनाहाइमचं डिस्नेलँड. दांडिया बाजारातल्या आणि राजमहाल रोडवरच्या ओळखीच्या मंडळींनी मला हे इतक्यांदा विचारलंय की एकदा नीट लिहून काढतो. आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो आहोत आणि पुन्हा जायचं ठरलं तेव्हा निवडही केली. प्रत्येक घराची गरज वेगळी असते, त्यामुळे माझं मत मी आमच्या घरापुरतंच धरतो. पण ते मत पक्कं आहे.

थरारक राइड्स मोजून जागा ठरवणाऱ्यांना या लिखाणाचा फारसा उपयोग नाही. मी लिहितोय ते जुन्या ओढीने जाणाऱ्यांसाठी. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर डिस्नेच्या कार्टूनमधली, हिंदीत बोलणारी ती बदकं बघायला जे घरी धावत यायचे, त्यांच्या पिढीसाठी. आमच्या घरात याला आणखी एक धागा आहे. माझे आईबाबा फार वर्षांपूर्वी काकांकडे कॅलिफोर्नियात गेले होते, आणि डिस्नेलँडच्या दारातल्या फुलांच्या मिकीसमोर उभ्या बाबांचा फोटो आमच्या अल्बममध्ये आहे. बडोद्याच्या कमाटीबागेतल्या फुलांच्या घड्याळासमोर आपल्याकडे प्रत्येक पाहुण्याचा निघतो, तसाच तो. बाबा आता नाहीत. नातवंडांना तिथे न्यायचं आईच्या मनात होतं. त्यामुळे माझा कल आधीपासूनच थोडा एका बाजूला होता, हे वाचणाऱ्याने धरून चालावं.

आठवणींसाठी जायचं तर आधी बघावं की जुनं काय शिल्लक आहे. अनाहाइमचं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं. संत्र्यांच्या बागांच्या जागी सुमारे वर्षभरात उभं केलेलं हे उद्यान, आणि वॉल्ट डिस्ने स्वतः ज्यात वावरला असं हे एकमेव. उद्यानातल्याच मेन स्ट्रीटवरच्या अग्निशमन केंद्राच्या माडीवर त्याच्या कुटुंबासाठी दोन घटका टेकायला छोटंसं घर केलेलं होतं. त्या खिडकीत त्याच्या आठवणीसाठी अजून दिवा लावलेला असतो. आईला मी तो दाखवला तेव्हा ती बराच वेळ वर बघत राहिली.

डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट गेला. फ्लोरिडाचं काम त्याचा थोरला भाऊ रॉय याने पूर्ण केलं, १ ऑक्टोबर १९७१ ला ते उघडलं, आणि धाकट्या भावाचं नाव पूर्ण यावं म्हणून 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' असं नाव त्यानेच ठेवायला लावलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रॉयही गेला. भावाभावांच्या गोष्टी म्हणून बघितलं तर माझं मन फ्लोरिडाकडेही ओढलं जातं.

जुन्या राइड्सचा हिशेब एकतर्फी नाही. मिस्टर टोडची वेडी मोटार अनाहाइममध्ये १९५५ पासून आहे. फ्लोरिडात ती १९९८ मध्ये बंद झाली. पाणबुड्या फ्लोरिडात १९९४ मध्ये थांबल्या. अनाहाइममध्ये त्या नव्या रूपात २००७ पासून पुन्हा चालू आहेत. उलट, हळूहळू वरून फिरवून आणणारी पीपलमूव्हर अनाहाइममध्ये १९९५ मध्ये संपली, फ्लोरिडात सुरू आहे. कॅरसेल ऑफ प्रोग्रेस हा फिरत्या प्रेक्षागृहातला बोलक्या बाहुल्यांचा खेळ १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात जन्मला, काही वर्षं अनाहाइमला राहिला आणि १९७५ पासून फ्लोरिडात आहे. पण मला सर्वात लागलेली गोष्ट म्हणजे फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडम या मुख्य उद्यानातली नदी, तिच्यावरची चाकाची आगबोट आणि टॉम सॉयर बेट. हे सगळं जुलै २०२५ मध्ये नव्या बांधकामासाठी बंद झालं. वयस्कर माणसांना बोटीच्या कठड्याशी बसून वारा खाता यायचा, ती जागाच तिथून गेली. अनाहाइमला मार्क ट्वेन बोट अजून फेऱ्या मारते.

आणखी एक बारीक फरक घरच्यांना कळतो. समुद्री चाच्यांची होडीतली सफर दोन्हीकडे आहे, पण १९६७ची मूळ अनाहाइमची आहे. तिथे होडी दोनदा खाली घसरते आणि सफर फ्लोरिडापेक्षा जवळजवळ दुप्पट वेळ चालते. अंधारात, गारव्यात, बसल्या जागी इतका वेळ! आमच्या आईची ती सर्वात आवडती. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'लाही अनाहाइममध्ये चाकाच्या खुर्चीसकट चढता येईल अशी होडी असते, ते रांगेत शिरण्याआधी तिथल्या माणसाला विचारा.

आता आगगाडी. हा विषय बडोदेकरांपुढे काढला की घाई करून चालत नाही. ज्यांच्या संस्थानात डभोई-मियागाम रुळांवर १८६२ मध्ये बैलांनी गाडी ओढली, ती देशातली पहिली अरुंद मापाची रेल्वे ठरली, आणि ज्यांचं बालपण कमाटीबागेतल्या छोट्या गाडीत गेलं, त्यांना वाफेचं इंजिन दिसलं की पाय थबकतात. वॉल्टही तसाच रेल्वेवेडा होता, त्याने घराच्या परसात छोटी गाडी चालवली होती. अनाहाइमची सुरुवातीची दोन इंजिनं त्याच्या स्टुडिओतच बांधलेली, आणि ती गाडी उद्यानाला वळसा घालताना ग्रँड कॅन्यनच्या देखाव्यातून आणि डायनोसॉरांच्या गुहेतून जाते. फ्लोरिडाची इंजिनं मात्र त्या दोघांपेक्षा वयाने मोठी आहेत. बाल्डविन कारखान्यातली, १९१६ ते १९२८च्या दरम्यानची, मेक्सिकोच्या युकातानमध्ये राबलेली आणि नंतर विकत आणून दुरुस्त केलेली. इंजिन म्हणून मी फ्लोरिडाला मान देईन, प्रवास म्हणून अनाहाइमला. नातू डायनोसॉरांसाठी पुन्हा पुन्हा चढला, आणि आई प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर बसली, कारण तिला चालावं लागत नव्हतं.

हे सगळं तराजूत जवळपास सारखंच येतं. आमचं पारडं ज्याने झुकलं ती गोष्ट वेगळीच आहे : दुपारची झोप.

आई ऐंशीच्या पुढची, नातू तिसऱ्या वर्षातला. सकाळी दोघंही खूश, दुपारी एकनंतर दोघंही कोमेजलेले. घरी असतो तर जेवून पंखा लावून दोन तास आडवे झाले असते. डिस्नेतही तेच करायचं, म्हणजे दुपारी खोलीवर यायचं आणि संध्याकाळी मिरवणूक आणि आतषबाजीला परत जायचं, असं आम्ही ठरवलं होतं.

फ्लोरिडात बाहेरच्या हॉटेलातून गाडीने मॅजिक किंगडमला जाणाऱ्याने गाडी लावली की तो दारात पोहोचत नाही. तो एका मोठ्या वाहतूक केंद्रात पोहोचतो. पार्किंगपासून तिथवर ट्राम, ट्राममध्ये चढताना बाबागाडीची घडी घालायची, तिथून पुढे मोनोरेल किंवा तळ्यावरची फेरीबोट, आणि मग दार. मध्ये जे तळं आहे ते मुद्दाम खोदलेलं आहे. सकाळी ताज्या मनाने जाताना ती फेरीबोट सुंदर वाटते, समोरून किल्ला हळूहळू मोठा होत येतो. पण दुपारी झोपलेल्या पोराला कडेवर घेऊन, एका हाताने आईची खुर्ची ढकलत हाच क्रम उलटा करायचा, दोन तासांनी पुन्हा सुलटा, आणि रात्री हजारो लोकांबरोबर पुन्हा उलटा, हे आमच्याने होईना. शेवटी दुपारी परतायचं सोडून दिलं. आई एका बाकावर मान टाकून बसायची आणि आम्ही आळीपाळीने तिच्याजवळ थांबायचो. संध्याकाळच्या आतषबाजीच्या वेळी तिला फक्त खोली हवी असायची.

यात कुणाचा दोष नाही, जागाच तशी आखलेली आहे, आणि त्यामागचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. अनाहाइमला वॉल्टकडे सुरुवातीला १६० एकर जागा होती. उद्यान चाललं आणि कुंपणाला खेटून इतरांची मोटेलं, उपाहारगृहं, पाट्या उभ्या राहिल्या. हे त्याला फार सललं. म्हणून फ्लोरिडात त्याने वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी गुपचूप सुमारे २७,००० एकर जमीन घेतली, की बाहेरचं जग आतून दिसूच नये. ते त्याने साधलं. आत शिरल्यावर खरोखर दुसऱ्या जगात आल्यासारखं वाटतं. पण ज्याला दुपारी बाहेर यायचंय त्याच्यासाठी बाहेरचं जगही तितकंच लांब पडतं.

अनाहाइमला त्याला जी गर्दी खुपली तीच आमच्या कामी आली. हार्बर बुलेव्हार्डवरची साधी हॉटेलं दारासमोरच आहेत. रस्ता ओलांडायचा आणि दहा-पंधरा मिनिटांत आई पलंगावर. ट्राम नाही, बोट नाही, गाडी काढायची नाही. दुपारी झोप, चहा, चेवडा, आणि साडेपाचला ताजंतवानं होऊन पुन्हा आत. आईने आतषबाजी शेवटपर्यंत बघितली. शिवाय दुसरं उद्यान, २००१ मध्ये उघडलेलं कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर, पहिल्याच्या अगदी समोर आहे. अर्धी मंडळी इकडे, अर्धी तिकडे, आणि जेवायला सगळे एकत्र, असं सहज जमतं. फ्लोरिडात चार उद्यानं मैलोन् मैल दूर आहेत आणि मध्ये बस किंवा दुसरं वाहन लागतं.

इथे फ्लोरिडाच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. डिस्नेच्या आवारातल्या हॉटेलात राहिलात तर बस थेट मॅजिक किंगडमच्या दाराशी सोडते, आणि मोनोरेलच्या वाटेवरच्या महागड्या हॉटेलांतून तर येणं-जाणं अगदी सोपं आहे. खिशाला झेपत असेल तर माझा निम्मा आक्षेप गळून पडतो. आपल्याकडची बरीच कुटुंबं मुलाच्या ओळखीने बाहेर घर घेतात आणि गाडीने जातात, म्हणून मी त्या हिशेबाने लिहिलं.

किल्ल्याबद्दल थोडक्यात. फ्लोरिडाचा १८९ फूट, अनाहाइमचा ७७ फूट. टीव्हीवर बघून आलेली मुलं अनाहाइममध्ये "एवढाच?" म्हणतात. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा बघत वाढलेल्या माणसाला उंचीचं तितकं अप्रूप नसतं, आणि लहान किल्ल्याच्या दारातून आत जाताना पोराला तो आपल्या मापाचा वाटतो असं माझं मत आहे.

हवेचं म्हणाल तर आपली माणसं जातात मे ते सप्टेंबरमध्ये, आणि तेव्हा फ्लोरिडात, ऑरलँडोला, बडोद्याच्या जुलैसारखी चिकचिक असते. दुपारी गडगडाट होऊन पाऊस येतो आणि उघड्यावरच्या राइड्स थांबतात. अनाहाइमला उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो. रात्री मात्र गारठा येतो, आजीसाठी स्वेटर ठेवाच. खाण्याची चिंता दोन्हीकडे सारखीच हलकी आहे. स्वतःपुरतं घरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेचं भांडं नको. थेपले, लिलो चेवडो, दशम्या हे सगळं आम्ही नेलं.

मग फ्लोरिडा कुणी निवडावं? ज्यांच्या घरात शाळकरी मोठी मुलं आहेत, हाताशी पूर्ण आठवडा आहे आणि चालायला कुणाची अडचण नाही, त्यांनी बेलाशक. तिथल्या ॲनिमल किंगडम उद्यानातलं आनंदपूर नावाचं काल्पनिक गाव तर आपल्या माणसाने बघावंच. जुन्या पडक्या राजवाड्यात वाघ फिरताना दिसतात आणि शेजारी हिमालयाच्या डोंगरातून यतीची गाडी सुटते. एप्कॉटमध्ये एका तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत, तिथे माझ्या बायकोचा अख्खा दिवस गेला. न्यू जर्सीत मुक्काम असेल तर प्रवासाचाही फरक आहेच : ऑरलँडो विमानाने तीन तासांच्या आत, लॉस एंजेलिस जवळजवळ सहा. आईला आधीच मुंबईहून इतका लांब आणलेलं असताना ते सहा तास जड जातात, हे मी मान्य करतो. आम्ही कॅलिफोर्नियात आधी दोन दिवस नुसते विश्रांतीला ठेवले आणि मग गेलो.

अनाहाइम ठरलं तर तीन दिवस पुरे. हॉटेल हार्बर बुलेव्हार्डवर दाराच्या समोरच्या पट्ट्यातच घ्या, दोन चौक पुढे स्वस्त मिळालं तरी आजीसाठी हे जवळचंच बरं. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, दहाव्या वर्षापासून मोठ्यांचं लागतं. चाकाची खुर्ची आत भाड्याने मिळते, पण ती बाहेर नेता येत नाही. हॉटेलपर्यंत लागणार असेल तर स्वतःची किंवा बाहेरून भाड्याची घ्या. आणि एक संध्याकाळ मोकळी ठेवून आर्टेशियाला, पायोनियर बुलेव्हार्डवर जा. गाडीने फार लांब नाही, फरसाणाची दुकानं आणि गुजराती थाळी आहे, आणि तिसऱ्या दिवशी आईला त्या वरण-भाताचीच सर्वात जास्त गरज असते.